शिवकर बापूजी तळपदे : मरुत्सखाला ताकद कुठून मिळाली?

विमानाचा शोध कोणी लावला असं विचारलं की आपण सगळे एका सुरात राइट बंधूंचं नाव घेतो. १७ डिसेंबर १९०३, अमेरिकेतलं किटी हॉक, पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं आणि १२० फुटांचं. हे सगळं आपण शाळेत पाठ केलेलं असतं. पण महाराष्ट्रात हे उत्तर दिलं की हमखास कोणीतरी मान हलवतं आणि सांगतं की त्याच्या आठ वर्षं आधी, १८९५ साली, मुंबईच्या चौपाटीवर एका मराठी माणसाने विमान उडवलं होतं. तो माणूस म्हणजे शिवकर बापूजी तळपदे आणि त्या विमानाचं नाव मरुत्सखा, म्हणजे वाऱ्याचा मित्र.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. आमच्या पुस्तकात राइट बंधू होते, तळपदे कुठेच नव्हते. ते मला भेटले माझ्या आबांमुळे. आबा म्हणजे माझे आजोबा, चिखली तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. २०१५ च्या जानेवारीत तळपदेंवरचा हवाईजादा हा हिंदी सिनेमा आला, तेव्हा मी जेमतेम दहा वर्षांची होते. आबांनी त्या वेळी मला ही गोष्ट इतक्या अभिमानाने सांगितली की ती माझ्या डोक्यात पक्की बसली. यंदा आम्ही चौघांनी कॉलेजच्या टेक्निकल फेस्टसाठी रेडिओ कंट्रोलवर चालणारं, हवेत कोलांट्या मारणारं विमान बनवायचं ठरवलं. नाव काय ठेवायचं ह्यावर वाद झालाच नाही. मरुत्सखा! वाद झाला तो पुढे, पोस्टरवर काय लिहायचं ह्यावर. त्यासाठीच मी तळपदेंचं चरित्र नीट वाचायला घेतलं.

शिवकर बापूजी तळपदे ह्यांचा जन्म १८६४ साली मुंबईत झाला. ते पाठारे प्रभू समाजातले. चिराबाजारचा भाग हे त्यांचं राहण्याचं ठिकाण. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टशी त्यांचा संबंध होता. तिथे ते शिकले आणि पुढे तिथेच शिकवत होते असं सांगितलं जातं. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला पाहिजे. आज आपण ज्याला इंजिनिअरिंग म्हणतो त्याचं शिक्षण मुंबईत तेव्हा नुकतंच सुरू होत होतं. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आपलं व्हीजेटीआय, १८८७ साली निघालं. तळपदे हाताने वस्तू घडवणारे, चित्र काढणारे, संस्कृत वाचणारे गृहस्थ होते. मुंबईत त्या काळी गिरण्यांची भोंगे आणि वाफेची इंजिनं सर्रास होती, पण हलकं इंजिन कसं करायचं हे शिकवणारा वर्ग कुठेच नव्हता. मुंबईतच काय, जगात कुठेही नव्हता.

त्यांच्या विचारांवर आर्य समाजाचा मोठा प्रभाव होता. स्वामी दयानंद सरस्वतींनी ऋग्वेदादिभाष्यभूमिका ह्या ग्रंथात वेदांमधल्या नौका आणि विमान विद्येवर एक प्रकरणच लिहिलेलं आहे. आपल्या पूर्वजांना विमान माहीत होतं, तर ते आपल्याला परत बनवता आलं पाहिजे, असं तळपदेंनी मनावर घेतलं. मला वाटतं त्यांचा खरा वेगळेपणा इथे आहे. प्राचीन विमानांबद्दल अभिमानाने बोलणारे तेव्हा पुष्कळ होते, आजही आहेत. पण वाचलेलं खरं आहे का ते स्वतः करून बघू, म्हणून सामान आणून कामाला बसणारा माणूस विरळा. पारतंत्र्याच्या काळात, पदरच्या पैशाने, शेजाऱ्यापाजाऱ्यांचं हसू सोसून असं काही करायला फार मोठी छाती लागते.

आता १८९५ ची गोष्ट. लोकांमध्ये जी कथा चालत आली आहे ती अशी. तळपदेंनी माणूस न बसवता चालणारं एक विमान तयार केलं आणि चौपाटीवर लोकांसमोर उडवलं. ते १५०० फूट वर गेलं आणि मग खाली पडलं. बघायला न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड हजर होते. सयाजीरावांचं नाव ह्यात येणं नवल नाही, कारण त्यांनी १८९० साली बडोद्यात कलाभवन काढून तांत्रिक शिक्षणाला मोठा आश्रय दिला होता. मात्र ह्या कथेतला उंचीचा आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो, आणि त्या दिवसाचा फोटो, ड्रॉइंग, किंवा त्याच वेळी छापून आलेली आणि तपासून घेता येईल अशी बातमी आजवर कोणी पुढे ठेवलेली नाही. म्हणजे ही गोष्ट नंतरच्या लोकांच्या आठवणींवर उभी आहे.

इतिहासवाले इथे थांबतात. आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, आपण आणखी एक पाऊल पुढे जाऊ शकतो. आपण विचारू शकतो की त्या विमानाला ताकद कुठून मिळाली असेल?

हा प्रश्न मला सुचला तो आमच्या मॉडेलमुळेच. आरसी विमान घ्यायचं किंवा बनवायचं म्हटलं की नवशिके आधी रंग आणि आकार बघतात. खरं तर आधी वजन ठरवायचं असतं. आमचं विमान फोमचं, पंखांचा विस्तार एक मीटर, बॅटरीसकट वजन ९६० ग्रॅम. कोलांटी मारायची, उलटं उडायचं, तर पंखाचा छेद वरून आणि खालून सारखाच लागतो, म्हणजे विमान सुलटं असो की उलटं, पंख सारखंच वागतो. मग मोटर. साधं शिकाऊ विमान किलोमागे दीडशे ते दोनशे वॅटमध्ये आरामात उडतं, पण सरळ वर चढायचं असेल तर किलोमागे ३०० वॅटच्या पुढे जावं लागतं. आम्ही १००० केव्हीची ब्रशलेस मोटर घेतली. केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे बरं का! एका व्होल्टला बिनओझ्याची मोटर किती फेरे घेते तो हा आकडा. तीन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी ११.१ व्होल्टची, म्हणजे मिनिटाला साधारण ११,१०० फेरे. पंखा लावला की ते कमी होतात. पंखा १० इंची, पिच ५ इंच. पूर्ण थ्रॉटलला ३० अँपिअर, म्हणजे ३३३ वॅट. किलोमागे जवळपास ३५० वॅट झाले.

पण वॅट म्हणजे काही जोर नव्हे. म्हणून मोटर उभी बांधून, घरचा वजनकाटा खाली ठेवून आम्ही थ्रस्ट मोजला. तो १३५० ग्रॅम भरला. विमान ९६० ग्रॅमचं, म्हणजे गुणोत्तर १.४. हे एकच्या वर असलं तरच विमान नाक वर करून शेपटीवर उभं राहू शकतं. आपलं बुलढाणा समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटर उंचावर. इथली हवा समुद्रकाठापेक्षा जवळपास सहा टक्के विरळ, म्हणून पंख्याला पकडही तेवढी कमी मिळते. कंपनीच्या तक्त्यातला आकडा आपल्याकडे तसाच्या तसा मिळणार नाही हे धरूनच चालायचं. आणि हे सगळं किती वेळ? बॅटरी २२०० मिलिअँपिअर-तासाची, वजन १८० ग्रॅमच्या आसपास. पूर्ण थ्रॉटलला साडेचार मिनिटंसुद्धा नाही. म्हणून थ्रॉटल कमी-जास्त करत सहा मिनिटांत विमान उतरवायचं, बॅटरी पार कोरडी करायची नाही, नाहीतर ती फुगते. सोयाबीन निघालेल्या मोकळ्या शेतात, मालकाला विचारून, माणसं आणि तारा नाहीत हे बघून आणि विमान नजरेच्या टप्प्यात ठेवूनच आम्ही उडवतो. राजूर घाटाकडून वारा सुटला की त्या दिवशी नाही.

आता हेच गणित १८९५ ला लावून बघू.

समजा मरुत्सखा फक्त १० किलोचा होता. हे मी मुद्दाम कमी धरते आहे. १५०० फूट म्हणजे ४५७ मीटर. १० किलो वजन तेवढं उचलायला लागणारी ऊर्जा १० गुणिले ९.८ गुणिले ४५७, म्हणजे सुमारे ४४,८०० ज्यूल. ऐकायला फार वाटतं, पण ही तर आमच्या एका छोट्या बॅटरीत मावणाऱ्या ऊर्जेच्या अर्ध्याएवढी आहे! म्हणजे अडचण ऊर्जेची नाही, ती वेळेत देण्याची आहे. विमान एका मिनिटात वर गेलं असं धरलं तर ४४,८०० भागिले ६०, म्हणजे जवळपास ७४६ वॅट. बरोबर एक हॉर्सपॉवर. आणि ही फक्त वर चढायची. हवेत तरंगायला आणि हवेचा विरोध कापायला वेगळी, पंख्यात वाया जाते ती वेगळी. म्हणजे दोन हॉर्सपॉवर तरी धराच. सावकाश चढलं तर ताकद कमी लागेल, पण मग हवेत जास्त वेळ राहावं लागेल आणि तेवढं इंधन सोबत न्यावं लागेल.

१८९५ च्या आसपास हे कोणाला जमलं होतं का? पॅरिसमध्ये आल्फाँस पेनो ह्या तरुणाने १८७१ सालीच पिळलेल्या रबरावर चालणारं चिमुकलं विमान उडवलं होतं. ते ११ सेकंद हवेत राहिलं. त्याची शेपटी अशी होती की विमान आपलं आपण सावरायचं. अमेरिकेत सॅम्युअल लँग्ली ह्यांनी वर्षानुवर्षं खटपट करून वाफेवर चालणारं, माणूस नसलेलं विमान केलं. वजन सुमारे ११ किलो, पंखांचा विस्तार चार मीटरच्या वर आणि इंजिन एक हॉर्सपॉवरचं. ६ मे १८९६ ला ते पोटोमॅक नदीवर नावेवरून फेकलं गेलं आणि तब्बल एक किलोमीटर उडालं. ग्रॅहम बेल स्वतः तिथे हजर होते आणि त्यांनी फोटोही काढले. आता तुलना बघा. लँग्लींचं विमान किलोमागे ६८ वॅटचं होतं आणि दीड मिनिटात त्याची वाफ संपली. राइट बंधूंचं विमान माणसासकट ३४० किलोचं, इंजिन १२ हॉर्सपॉवरचं, म्हणजे किलोमागे फक्त २६ वॅट. कमी ताकदीत ते उडलं, कारण पंख आणि पंखा दोन्ही त्यांनी मोजून मापून सुधारले होते. तरी एवढ्या ताकदीत १५०० फूट वर जाणं त्या दिवशी त्यांनाही शक्य नव्हतं.

मग पाऱ्याचं काय? मरुत्सखा पाऱ्यावर चालत होतं आणि ते आजच्या आयन इंजिनासारखं होतं, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं सापडतं. पाऱ्याचं आयन इंजिन ही काही कल्पना नाही. नासाने १९६४ साली सर्ट-१ ह्या यानात ते खरोखर चालवून बघितलं. पण ते चाललं अवकाशात, निर्वातात. त्याचा जोर मिलिन्यूटनमध्ये मोजतात, आणि एक किलो वजन उचलायला ९.८ न्यूटन लागतात. अशा इंजिनाने चौपाटीवरून नारळसुद्धा उचलला जाणार नाही. पाऱ्याची वाफ करावी म्हटलं तर तो ३५७ अंशांना उकळतो आणि पाण्याच्या साडेतेरा पट जड आहे. विमानात जड वस्तू भरणं किती महागात पडतं ते आमच्या टीमला विचारा, आम्ही सेलोटेपसुद्धा वजन करून लावतो.

रेडिओचाही प्रश्न आहेच. माणूस नाही म्हणजे रिमोटने चालवलं असेल असं काहींना वाटतं. पण रेडिओवर चालणारी पहिली नाव निकोला टेस्लांनी न्यूयॉर्कला दाखवली ती १८९८ मध्ये. त्यामुळे मरुत्सखा उडालं असेल तर ते पेनो आणि लँग्लींच्या विमानांसारखं एकदा सोडलं की आपल्या मर्जीने जाणारं असणार. मग ते पडलं ह्यात कमीपणा काहीच नाही. सोडलेलं विमान कधी ना कधी पडतंच.

तळपदेंच्या पुढच्या आयुष्याबद्दल एक गोष्ट मात्र बऱ्यापैकी नोंदलेली आहे, आणि ती सिनेमात दिसते त्यापेक्षा मला जास्त भिडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांची गाठ बंगळूरजवळच्या आनेकलचे पंडित सुब्बराय शास्त्री ह्यांच्याशी पडली. हेच ते शास्त्री, ज्यांनी पुढे वैमानिक शास्त्र हा ग्रंथ तोंडी सांगून लिहवून घेतला. तळपदेंनी शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली मॉडेल करायचा प्रयत्न केला, पण ते उडालं नाही. म्हणजे चौपाटीनंतर पुष्कळ वर्षांनी, वयाच्या चाळिशीतही हा माणूस नवीन गुरू शोधत होता, नवीन मॉडेल बनवत होता आणि अपयश घेत होता. १९१६ साली त्यांचं निधन झालं.

वैमानिक शास्त्राबद्दल लोकांचा मोठा गोंधळ होतो. हा ग्रंथ वाचून तळपदेंनी १८९५ चं विमान केलं असं सर्रास सांगतात. पण ग्रंथ सांगून लिहवला गेला १९१८ ते १९२३ मध्ये, म्हणजे तळपदे गेल्यानंतर! त्यातली चित्रं १९२३ ची. १९७४ साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या मुकुंद, देशपांडे, नागेंद्र, प्रभू आणि गोविंदराजू ह्या पाच जणांनी त्या ग्रंथाचा कस लावला. शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर ही त्यातली विमानं त्यांनी वायुगतिकीच्या नियमांवर तपासली. ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही आणि ती विमानं उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तरी जानेवारी २०१५ मध्ये मुंबईच्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेलाच आणि देशभर वादळ उठलं.

आमचा पोस्टरचा वाद इथेच पेटला. एकाचं म्हणणं होतं की जगातल्या पहिल्या विमानाचा मान मराठी माणसाचा, असं ठळक लिहू. इंग्रज राज्यात आपल्या माणसाची नोंद कोण ठेवणार, पुरावा मागणं म्हणजे त्याच्यावर दुसऱ्यांदा अन्याय, असं तो तळमळीने सांगत होता. त्याचं पहिलं वाक्य मला पटतं. गुलाम देशातल्या माणसाचं काम सहज विसरलं जातं हे खरंच आहे. पण नोंद नाही म्हणून आपल्याला हवी ती नोंद भरून टाकायची, हे लॅबच्या जर्नलमध्ये चालत नाही, मग पोस्टरवर कसं चालेल? आमचा थ्रस्ट १३५० ग्रॅम आला तेव्हा आम्ही १५०० लिहिला नाही. तळपदेंचे १५०० फूट मात्र न मोजता लिहायचे?

खरी परीक्षा आबांसमोर होती. दिवाळीत मी त्यांना हे सगळं गणित वहीत मांडून दाखवलं. त्यांना वाईट वाटेल ह्याची मला धास्ती होती. ते बराच वेळ आकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं की १० किलोच्या ऐवजी २ किलो धरले तर काय होईल. आम्ही दोघांनी परत गणित केलं. चढायची ताकद पाचपट कमी झाली, पण एवढ्या हलक्या विमानात तेव्हाचं कुठलं इंजिन बसवायचं हा प्रश्न उरलाच. रबर? दोनशे फुटांची गोष्ट असती तर कदाचित, असं आबा स्वतःच म्हणाले. मोडली ती १५०० फुटांची गोष्ट. आबांचा तळपदेंबद्दलचा आदर तसाच राहिला, मला तर तो वाढल्यासारखा वाटला.

पोस्टरवर शेवटी आम्ही एवढंच लिहिलं: मरुत्सखा, शिवकर बापूजी तळपदे (१८६४ ते १९१६) ह्यांच्या स्मरणार्थ. विमान बनवण्याचा ध्यास घेतलेले सुरुवातीचे भारतीय. त्याच्या खाली आमच्या विमानाचं वजन, वॅट आणि थ्रस्ट. पहिला हा शब्द आम्ही घातला नाही.

मित्रांनो, तळपदेंना मोठं करायला राइट बंधूंना लहान करायची गरज नाही. हातात हलकं इंजिन नाही, वायुगतिकीचं पुस्तक नाही, मोजायला वाऱ्याचा बोगदा नाही, पाठीशी सरकार नाही, अशा काळात एका कलाशिक्षकाने आकाशाकडे बघून हात चालवले. आपल्याला मोटर, बॅटरी, स्पीड कंट्रोलर सगळं कुरिअरने घरपोच मिळतं. त्यांच्याकडे जे नव्हतं ते आपल्याकडे आहे, तेव्हा निदान मोजमापात तरी आपण कंजूषी करू नये. आणि मुंबईतल्या एखाद्या जुन्या घरात, एखाद्या वाचनालयाच्या माळ्यावर १८९५ चा एखादा कागद अजून पडून असेल तर तो शोधायलाही आपल्यातलंच कोणीतरी जावं. तो कागद सापडला तर हा लेख खोडायला सर्वात आधी मीच पेन घेईन, आणि त्या दिवशी सगळ्यात जास्त आनंदही मलाच होईल.

तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी